एसएमपीएसचा रिपल मोजताना स्कोपचा कोणता मोड लावावा? नॉर्मल, पीक डिटेक्ट, ॲव्हरेज की हाय रेस?

१२ व्होल्टच्या एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) रिपल, म्हणजे डीसी आउटपुटवर उरलेला चढउतार, स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) चारही मोडमध्ये वेगवेगळा येतोय आणि रिपोर्टमध्ये कुठला आकडा टाकायचा, असं तुम्ही विचारलंय. स्कोप ठणठणीत आहे. प्रत्येक मोड काही ना काही गाळतो, एवढंच.

टाइमबेस तुम्ही दर डिव्हिजनला (पडद्यावरच्या चौकटीला) ५ मिलिसेकंदांवर ठेवलाय, म्हणजे दहा डिव्हिजनच्या पडद्यावर ५० मिलिसेकंद. मेमरी १०,००० पॉइंटची धरली, तर दोन सॅम्पलमध्ये ५ मायक्रोसेकंद जातात. स्कोपवर सेकंदाला १ गिगासॅम्पल छापलेलं असलं तरी! स्विचिंग ६५ किलोहर्ट्झचं आणि मॉस्फेटचा (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) स्पाइक ५० नॅनोसेकंदांचा असेल, तर नॉर्मल मोडमध्ये शंभरातला एखादाच स्पाइक हाती लागतो. दर स्वीपला (पडद्यावरच्या एका फेरीला) भलत्याच जागी तीसेक ठिपके उडालेले दिसतात ते हेच. लोक त्यांना किरकोळ नॉइज समजून सोडून देतात.

म्हणून आधी पीक डिटेक्ट लावून बघा. त्यात एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा कन्व्हर्टर) पूर्ण वेगाने चालतो आणि प्रत्येक टप्प्यातलं सर्वांत वरचं व सर्वांत खालचं सॅम्पल राखून ठेवतो, त्यामुळे स्पाइक सुटत नाही. मात्र स्कोपचा स्वतःचा नॉइजही त्यात फुगतो. प्रोबचं टोक आणि क्लिप दोन्ही सप्लायच्या ग्राउंडला लावा; तरीही जो पट्टा उरेल तो रिपल नव्हे.

हाय रेसचं काम याच्या नेमकं उलट. त्या ५ मायक्रोसेकंदांतल्या सगळ्या सॅम्पलची सरासरी घेतल्यावर २०० मिलिव्होल्टचा स्पाइक जेमतेम २ मिलिव्होल्ट उरतो. रेघ सुरेख दिसते, पण स्पाइक शोधायला हा मोड कुचकामी.

ॲव्हरेजची गंमत ट्रिगरमध्ये आहे. लाइन ट्रिगर (मेन्सच्या, म्हणजे घरगुती विजेच्या लयीवर स्वीप सुरू करणारा) लावून ६४ स्वीपची सरासरी काढली की रँडम नॉइज आठपट घटतो, मेन्समुळे येणारा १०० हर्ट्झचा रिपल स्वच्छ दिसतो आणि स्विचिंगचे स्पाइक गायब होतात, कारण त्यांचा मेन्सशी मेळ नसतो. आता टाइमबेस ५ मायक्रोसेकंदांवर आणून स्विचिंगच्या एजवर ट्रिगर करा: स्पाइक राहतात, १०० हर्ट्झचा रिपल पुसला जातो. ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय) कमी करण्यासाठी फ्रिक्वेन्सी मुद्दाम हलवणारा आयसी असेल, तर ट्रिगरपासून लांबचे स्पाइक पसरट, बुटके दिसतील.

रिपोर्टमध्ये पीक-टू-पीक (सर्वांत वरच्या व खालच्या टोकातला फरक) लिहा, पीक डिटेक्टमधला, एसी कपलिंग (डीसी भाग अडवणारी सेटिंग) आणि २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट लावून. सप्लायच्या डेटाशीटशी ताडून बघायचं असेल, तर तिथली मोजणीची टीपही वाचा. मीन वेलच्या बऱ्याच डेटाशीटमध्ये १२ इंची पिळाची वायर आणि टोकाला ०.१ व ४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सांगितलेले असतात. आणि प्रोबची ती लांब मगर-क्लिप काढून ग्राउंडची स्प्रिंग लावा. क्लिपच्या वायरचा लूप सप्लायचं रेडिएशन पकडतो, आणि तो खोटा स्पाइक पीक डिटेक्ट इमानेइतबारे मोजून दाखवतो.