चित्र काढता येत नसेल, तर बडोद्यात कलेचा इतिहास शिकावा का?

भाची बारावी झाली, चित्र काढता येत नाही पण पाहायचं वेड आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग हा विषय तिचाच! यात हातापेक्षा डोळा तयार व्हावा लागतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० पासूनची. तिथे कला-इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. फी, तारखा तिथेच विचारा. त्याआधी तिला बडोद्यातल्याच कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, न्या. चित्रकार नंदलाल बोसांचं गंगावतरण हे चित्र तिथल्या भिंतीवर आहे. त्यापुढे अर्धा तास उभी राहून, रेष कुठे वळली, नजर कुठे थांबते, हे ती आपणहून सांगू लागली तर बिनधास्त पाठवा. वाचन मात्र भरपूर, तेही बहुतेक इंग्रजीत. सवय आत्तापासूनच लावा.