एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये सीनियर सतत ‘प्रोफेशनल वागा’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय? स्वच्छ एप्रन आणि वेळेवर येणं एवढंच का?

नाही, ती फक्त सुरुवात आहे. प्रोफेशनल वागणं म्हणजे कोणी बघत नसतानाही पेशंटचं हित, त्याची लाज आणि त्याचा विश्वास जपणं. मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात इंटर्नना शिकवते, त्यावरून सांगते. वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकलेल्या असल्या तरी तपासताना आडोसा करणं, सुई टोचण्याआधी ‘आजी, रक्त घेते हं, चालेल ना?’ असं विचारणं, लोकल चुकली तरी पुढच्या ड्युटीवाल्याला सगळे पेशंट नीट समजावूनच निघणं. न मोजलेलं बीपी केसपेपरवर १२०/८० लिहून टाकणं मला सगळ्यात धोकादायक वाटतं, कारण रात्रीचा डॉक्टर त्याच आकड्यावर औषध ठरवतो. राहिलं असेल तर ‘राहिलं’ म्हणा. ओरडा बसेल, बसू दे. व्हॉट्सॲपवर एक्स-रे पाठवताना पेशंटचं नाव झाका. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ म्हणजे वृत्ती, नैतिकता आणि संवाद हा भाग याचसाठी आहे. या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या ज्या पाच भूमिका धरल्या आहेत, त्यांत ‘प्रोफेशनल’ ही वेगळी मोजली आहे. मात्र सीनियरचं सगळं मुकाट ऐकणं असा त्याचा अर्थ घेऊ नका. कधी न केलेली प्रोसिजर एकट्याने करायला सांगितली, तर ‘सर, मला येत नाही, तुम्ही सोबत थांबा’ असं स्पष्ट सांगणं हेही त्यातच येतं.