बारावीनंतर अमेरिकेत ऑप्टोमेट्री करायचीय, तर कॉलेजची चार वर्षं कशी लावायची

तुझा प्रश्न असा की बारावी पीसीबीने झाली, मॅथ्स सोडलेलं, ऑगस्टमध्ये ओहायोला एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, बायोलॉजीला येतेयस आणि पुढे ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासायचं शिक्षण, करायचीय, तर कॉलेजात काय काय घेऊ. आणि काका म्हणतायत की नाशिकलाच थांब, भारतात बी.ऑप्टोम कर आणि मग जा, तिकडे लगेच काम मिळतं. काकांचा हेतू चांगलाय पण माहिती चुकीचीय. बी.ऑप्टोम चांगला कोर्स आहे, भारतात प्रॅक्टिस करायची तर तोच कर, पण नुसत्या त्याच्यावर इथे लायसन्स मिळत नाही. इथे अमेरिकेत ओडी, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री ही डिग्री लागते, तीपण मान्यता असलेल्या ऑप्टोमेट्री स्कूलची, आणि वर नॅशनल बोर्डाच्या परीक्षेचे तीन पार्ट. म्हणजे कॉलेज चार वर्षं, ओडी चार वर्षं. हा आठ वर्षांचा हिशोब घरी आत्ताच सांगून टाक, मधे सांगितलास तर जास्त त्रास होतो.

मेजरचं फार डोक्याला लावून घेऊ नकोस, बायोलॉजी घे नाहीतर सायकॉलॉजी घे, स्कूलवाले बघतात ते प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी सक्तीचे विषय, झाले का आणि ग्रेड काय आहेत. खरी गोम आहे केमिस्ट्रीत. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही आणि ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही, त्यामुळे पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्रीची सीट हुकली की सगळंच एक वर्ष मागे जातं. रजिस्ट्रेशन उघडेल त्या दिवशी आधी केमिस्ट्री आणि तिची लॅब पकड, बाकीचं नंतर. त्याच्या आजूबाजूला बायोलॉजी, मायक्रोबायोलॉजी, अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, इंग्लिश रायटिंग हे बसतं. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते म्हणून आवडलेल्या पाच-सहा स्कूलच्या याद्या एका एक्सेलमध्ये शेजारी शेजारी टाक आणि त्यातली सगळ्यात कडक यादी धरून चाल.

मॅथ्स सोडलंयस ते मात्र महागात पडू शकतं. आल्या आल्या प्लेसमेंट टेस्ट असते, त्यात खाली पडलीस तर प्रीकॅल्क्युलसच्याही आधीपासून सुरुवात, आणि मग कॅल्क्युलस आणि फिजिक्स दोन्ही लांबतात. ऑगस्टपर्यंत वेळ आहे, कोणाचं तरी अकरावीचं मॅथ्सचं पुस्तक माग आणि अल्जिब्रा, ट्रिगनॉमेट्री रोज थोडी कर. फिजिक्स अल्जिब्रावालं बहुतेक ठिकाणी चालतं. एक गोष्ट लक्षात ठेव, लेन्स आणि आरसे दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी शेवटी येतात, तोवर प्रोफेसरही थकलेला असतो आणि दोन लेक्चरमध्ये उरकून टाकतो. आपल्याला नेमकं तेच पाहिजे असतं, ओडीच्या पहिल्या वर्षी त्याच्यावरच तर सगळा भर. तेवढा भाग स्वतः नीट बसून कर.

एफ-वनला सेमिस्टरला कमीत कमी 12 क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले गुणांक, साधारण 3-4) ठेवावेच लागतात. समजा तू 15 घेतलेस आणि ऑरगॅनिक झेपेना म्हणून लॅबसकट 4 क्रेडिट सोडलेस, तर राहिले 11, म्हणजे परवानगीशिवाय व्हिसा स्टेटसच धोक्यात. म्हणून अवघड सेमिस्टरला एखादा हलका विषय जास्तीचा घेऊन 16 करून ठेव. आणि रिपीट करून जुना ग्रेड पुसला जाईल अशा भ्रमात राहू नकोस, तुझं कॉलेज पुसेल कदाचित, पण सगळ्या स्कूलचे अर्ज ज्या ऑप्टोमकॅस या ऑनलाइन सेवेतून जातात तिथे दोन्ही ग्रेड धरतात.

एंट्रन्स म्हणजे ओएटी, ऑप्टोमेट्री अ‍ॅडमिशन टेस्ट. बायोलॉजी-केमिस्ट्री, रीडिंग, फिजिक्स, मॅथ्स असे चार भाग, स्कोअर 200 ते 400 मध्ये. कॅल्क्युलस त्यात येत नाही, पण फिजिक्सला कॅल्क्युलेटर पण देत नाहीत, सगळी आकडेमोड हाताने, आपल्याकडच्या पोरांना तिथे जरा फायदा होतो. अर्ज जून-जुलैत उघडतात आणि बहुतेक स्कूल आलेल्या क्रमाने सीटा भरत जातात, त्यामुळे तिसरं वर्ष संपताना ओएटी हातात असलेली बरी. शेवटच्या तारखेपर्यंत थांबायची आपली सवय इथे नडते.

शॅडोइंग, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरसोबत राहून त्याचं काम बघणं, पहिल्या वर्षापासून कर, एखाद्या ओडी झालेल्या डॉक्टरचं शिफारसपत्र बऱ्याच ठिकाणी मागतात. नुसतं चष्म्याचे नंबर काढणं एवढंच डोक्यात असेल तर ते तिथे जाईल. आमच्या क्लिनिकमध्ये नेहमी घडतं, माणूस येतो वाचताना अंधुक दिसतं म्हणून, फोरॉप्टर (नंबर काढायचं लेन्सचं यंत्र) लावून "एक बरं का दोन" चालू असतं, तरी नंबर काही बसत नाही, मग थेंब टाकून डोळ्याची बाहुली मोठी केली की आत रेटिनावर, म्हणजे मागच्या पडद्यावर, बारीक लाल ठिपके, म्हणजे डायबेटिसचा संशय, आणि शुगर कधी तपासलीच नाही म्हणतो. त्याला फॅमिली डॉक्टरकडे चिठ्ठी देऊन पाठवावं लागतं. बायोकेमिस्ट्री कशाला हवी ते अशा वेळी कळतं. फक्त शॅडोइंग म्हणजे बघणं, एफ-वनवर असताना तिथल्या काउंटरवर बसून फुकट काम पण करू नकोस, आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार.

पैशाचं स्पष्टच सांगतो. प्रायव्हेट ऑप्टोमेट्री स्कूलची नुसती ट्यूशन वर्षाला 40 हजार डॉलरच्या वर जाते, सरकारी फेडरल लोन एफ-वनवाल्याला नाही, आणि इथल्या प्रायव्हेट बँका बहुतेक वेळा सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला को-सायनर मागतात. मग भारतातलं एज्युकेशन लोन, म्हणजे बहुतेक घर तारण. शिवाय सगळीच स्कूल एफ-वन विद्यार्थी घेतात असं नाही. तुझ्या जवळची म्हणजे कोलंबसचं ओहायो स्टेट, ब्लूमिंग्टनचं इंडियाना युनिव्हर्सिटी, मिशिगनमध्ये फेरिस स्टेट. या तिघांना आत्ताच मेल टाक, एफ-वनवाले घेता का, घेत असाल तर फी कुठल्या रेटने, एवढंच विचार. उत्तरं आली की इथेच लिही, मग पहिल्या सेमिस्टरचं टाइमटेबल बघू.