पिकअपला लोअरिंग किट (गाडी खाली बसवायचा संच) 2/4 घ्यावं की 3/5? किट बोल्ट-ऑन, म्हणजे कापाकापी न करता बोल्टने बसणारं, असेल तर बाकी काही बदलावं लागतं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: 400 हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रक, पुढे वर-खाली ए-आर्म (चाक धरणारे हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), रोजचा वापर, अधूनमधून हौद्यात सामान. प्रश्न खरा इंचांचा आहे. पण शेवटी सहज जोडलेलं "किट बोल्ट-ऑन आहे, म्हणजे बाकी काही बघावं लागणार नाही ना?" वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. "खोक्यात दिलं नाही म्हणजे लागत नाही" हे ऐकून कान किटले आहेत. खोक्यात काय घालायचं ते किटची किंमत ठरवते. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या तुमच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन खोकं भरणाऱ्याने मोजलेला नसतो.

इंचांचं आधी उरकतो. 2/4 म्हणजे पुढे 2 आणि मागे 4 इंच. मागे जास्त, कारण हौदा भरल्यावर गाडी समतल बसावी म्हणून कंपनी रिकाम्या पिकअपचं बूड उंच ठेवते. हा आकडा कुठल्या उंचीपासून मोजलाय ते मात्र बघा. 1999 ते 2004 ची फोर्ड एफ-150 लाइटनिंग कारखान्यातूनच साध्या एफ-150 पेक्षा खाली बसवलेली होती. साध्या ट्रकसाठी बनवलेल्या 2/4 च्या स्प्रिंगा आणि हँगर (पाट्याचं टोक चॅसीला धरणारं ब्रॅकेट) तिला लावले, तर 2 आणि 4 इंचांचा फरक दिसणारच नाही. ऑर्डर देण्याआधी चारही चाकांवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा हलतो.

पुढच्या बाजूला माझं मत सरळ आहे: पहिले 2 इंच ड्रॉप स्पिंडलने घ्या. त्यात हबची जागा स्टिअरिंग नकलवर (आर्मना जोडलेला, चाकासोबत वळणारा भाग) वर सरकवलेली असते. आर्म, स्प्रिंग, शॉक आणि बंप स्टॉप (प्रवास संपताना मार झेलणारं रबर) होते तिथेच राहतात, चाकाचा वर जाण्याचा प्रवास एक मिलिमीटरही कमी होत नाही. आखूड स्प्रिंगेत तो प्रवास खर्च होतो. मुळात 90 मिमी होता, 50 खाली बसलात, उरले 40. शिवाय खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतात आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. म्हणून नुसत्या स्प्रिंगांवर खाली आणलेला ट्रक वळणावर कधी कधी आधीपेक्षा जास्त कलतो, आणि मालक म्हणतो अँटी-रोल बार जाड हवा होता. गुरुत्वमध्य 700 मिमीवरून 650 वर आला तर वळणावरचं वजनाचं सरकणं सुमारे 7 टक्के कमी होतं. फायदा तेवढाच, तो भूमिती बिघडवून घालवू नका.

स्पिंडलची खोड एकच. रिमच्या आतली जागा कमी होते, लहान व्यासाचं रिम घासतं आणि काही ट्रकवर चाक थोडं बाहेर येतं. टायर लावून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघितल्याशिवाय रिम पक्कं करू नका.

3/5 मधले पुढचे 3 हवेच असतील तर 2 स्पिंडलने आणि 1 स्प्रिंगेने. कॉइल कापणाऱ्यांसाठी एक हिशोब: स्प्रिंग खालच्या आर्मवर चाकाच्या बरीच आत बसते, समजा प्रमाण 0.6. स्प्रिंग 2 इंच आखूड केलीत की चाकापाशी सुमारे 3.3 इंच जातात. वर कापलेली स्प्रिंग कडकही होते, कारण काम करणारे वेढे कमी झाले.

आता मागे. खरी गडबड इथेच असते, म्हणून माझ्यासमोर आलेला एक ट्रक सविस्तर सांगतो. मागचे 2 इंच फक्त शॅकल (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारा दुवा) बदलून घेतलेले. किटवाल्याचं आणि मालकाचं म्हणणं एकच, "शॅकलने कोनाला काही होत नाही." तक्रार अशी: 80-90 च्या वेगात जमिनीतून गुणगुण, ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची, सोडला की बदलायची. टायर बॅलन्स झाले. शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला. फरक शून्य. वाकडा किंवा असमतोल शाफ्ट एका फेऱ्यात एकदा हादरा देतो, शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन जुळत नसतील तर एका फेऱ्यात दोनदा. इथे हादरा दोनदाचा होता, तर बॅलन्सिंगला पाठवण्यात अर्थच नव्हता.

शॅकलने पाट्याचा फक्त मागचा डोळा (टोकाचं भोक) सरकतो, म्हणून मधे बसलेल्या ॲक्सलच्या हाउसिंगपाशी फरक निम्माच पडतो. चाकापाशी 50 मिमी हवे तर डोळा 100 मिमी वर न्यावा लागतो. पुढचा डोळा जागेवर, मागचा 100 मिमी वर आणि पाटा साधारण 1400 मिमी लांब, म्हणजे अख्खा पाटा 4 अंशांनी पुढे झुकला. त्याला आवळलेलं हाउसिंगही झुकलं आणि पिनियनचं नाक, म्हणजे हाउसिंगचं शाफ्टला जोडलेलं टोक, 4 अंश खाली गेलं.

कोनमापी लावल्यावर आकडे तंतोतंत तसेच निघाले. आधी गिअरबॉक्सचा आउटपुट मागे 3 अंश उतरता, शाफ्ट 5 अंश उतरता, पिनियनचं नाक 3 अंश वर. म्हणजे दोन्ही क्रॉसवर 2-2 अंश, एकमेकांचा हादरा मारणारे. किटनंतर शाफ्ट 3.1 अंशांवर आला आणि नाक 1 अंश खाली. पुढच्या क्रॉसवर 0.1, मागच्यावर 4.1. मागचा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा शाफ्टला ओढत-ढकलत होता आणि ते खोडायला पुढे कोणी नव्हतं. पुढचा क्रॉस जवळजवळ सरळ रेषेत, त्यामुळे त्याच्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी दाब खात होत्या. कप उघडला तर पिनेवर सुयांचे खळगे बोटाला लागत होते.

उपाय दोन. गिअरबॉक्सची शेपूट माउंटपाशी सुमारे 17 मिमी खाली, म्हणजे आउटपुट 4 अंशांवर. आणि मागे पाट्याखाली 3 अंशांची पाचर, म्हणजे पिनियनचं नाक 2 अंश वर. उभ्या गाडीत ते आउटपुटपेक्षा 2 अंश कमी, आणि ते मुद्दाम. ताकद लागली की पाटे पिळतात आणि नाक वर उचललं जातं, तेव्हा दोन्ही क्रॉस दीड अंशाच्या आसपास एकसारखे होतात. 400 हॉर्सपॉवरच्या ट्रकला हे साध्या ट्रकपेक्षा जास्त लागू. गाडी सोडताना मागची चाकं उड्या मारत असतील तर कोनाच्या पाचरीने ते थांबणार नाही, त्याला ट्रॅक्शन बार (हाउसिंग पिळू न देणारा दांडा) लागतो.

पाचर पोलादीच घ्या, ॲल्युमिनियमची दाबाखाली चिरते. रुंदी पाट्याइतकी. सेंटर बोल्ट लांब लागतो, नाहीतर त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पुरेसं बसत नाही आणि हाउसिंग सरकतं. जाड बाजू कुठे? पाटा हाउसिंगच्या वर असेल तर नाक वर करायला जाड बाजू मागे, पाटा हाउसिंगच्या खाली असेल तर पुढे. उलटी बसवली तर 3 अंशांची दुरुस्ती 3 अंशांचा बिघाड होते, तेही बघितलंय. म्हणून मागचे 4 इंच एकट्या शॅकलकडून मागू नका. पुढे हँगर आणि मागे शॅकल असलेलं किट घ्या. दोन्ही डोळे सारखे वर गेले की पाटा झुकत नाही. कोन तरीही मोजा, कारण शाफ्टचा उतार बदललेलाच असतो.

लोअरिंग ब्लॉक तुमच्या कामाचा आहे का, ते वाकून बघा. पाटा हाउसिंगच्या खाली असेल तरच मधे ब्लॉक घालून गाडी खाली येते, वर असेल तर ब्लॉकने उंच होईल. पाटा वर असलेल्यांसाठी फ्लिप किट. त्यात हाउसिंग पाट्याच्या वर नेतात आणि साधारण 5-6 इंच एकदम जातात. मग चॅसीला सी-नॉच (सी आकाराची खाच) हवाच, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात हाउसिंगची नळी चॅसीवर आदळते. रोजच्या गाडीला मी तो सुचवणार नाही. 3/5 लाही नॉच लागू शकतो. हाउसिंगची नळी आणि चॅसी यांच्यातलं अंतर मोजा, त्यातून 125 मिमी आणि पूर्ण दबलेला बंप स्टॉप वजा करा. उरलेले 50 मिमीपेक्षा कमी असतील तर नॉच नाहीतर 2/4.

शॉक. "जुनेच चालतील" म्हणणाऱ्यांशी वाद घालून थकलो, आता फक्त आकडे देतो. जुना शॉक दबलेला 330 मिमी, ताणलेला 530, गाडी उभी असताना 450. 100 मिमी खाली आलात की 350. आत 20 मिमी उरले आणि बंप स्टॉप अजून 40 मिमी लांब. म्हणजे खड्ड्याचा मार शॉकचा पिस्टन झेलणार, सील फुटणार, आणि दोष मात्र "किट कडक आहे" असा लागणार. नवा शॉक असा निवडा की उभ्या गाडीत निम्मा किंवा थोडा जास्त प्रवास दबण्यासाठी शिल्लक राहील, आणि बंप स्टॉप पूर्ण दबल्यावरही शॉकमध्ये 10-15 मिमी उरतील. बंप स्टॉप कापून फेकू नका, बुटका घ्या. त्यावर ग्रीसचा ठिपका लावून एक दिवस चालवा, पुसला गेला की कळतं किती वेळा आदळतंय.

बसवताना तीनच गोष्टी. यू-बोल्ट नवे, आडवे-तिडवे आवळून, 100 किमीनंतर पुन्हा टॉर्क. रबरी बूश असलेले सगळे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळा. हवेत आवळले तर बूश कायम पिळलेले राहतात, फाटतात आणि उंचीही चुकीची दिसते. आणि अलाइनमेंट गाडी काही दिवस बसल्यावर: आधी कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो (चाकांची तोंडं आत की बाहेर). टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा चुकलेल्या टोचा हात जास्त असतो.

तर 2/4. पुढे स्पिंडल, मागे हँगर आणि शॅकल, चारही शॉक नवे, पाचर कोन मोजून.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं पाट्यांच्या ट्रकचं. 2009 पासूनच्या रॅम 1500 ला मागे कॉइल आहेत, तिथे खाली आणलं की पॅनहार्ड रॉड (हाउसिंगला चॅसीशी आडवं बांधणारा दांडा) हाउसिंग एका बाजूला सरकवतो, म्हणून लांबी जुळवता येणारा रॉड लागतो. सामान नेताय म्हणालात, तर खाली आणल्याने भारक्षमता वाढत नाही, उलट बंप स्टॉप लवकर गाठला जातो. हेल्पर एअरबॅग (पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावा किंवा हौदा अर्धाच भरा. पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या चालक-मदत यंत्रणा असतील तर त्या पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या. आणि ट्रक जुना असून मागच्या हाउसिंगपासून चॅसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाणारा एखादा दांडा दिसला, तर तो भार ओळखणारा व्हॉल्व्ह आहे. गाडी खाली आली की त्याला हौदा भरलाय असं वाटतं आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या पिकअपची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी जाम होतात आणि गाडी फिरते. हाउसिंग चॅसीच्या जेवढं जवळ आलं, तेवढंच त्या दांड्याचं ब्रॅकेट सरकवा. हेही खोक्यात येत नाही.