स्टॉकहोमला निघालात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : जूनच्या अखेरीस आम्ही चौघे तीन दिवस स्टॉकहोममध्ये आहोत. वासा जहाज, स्कान्सेन, आब्बा या पॉप गायकवृंदाचे संग्रहालय, राजवाडा, नगरभवन, ड्रॉटनिंगहोल्मचा राजवाडा, बेटांची सफर अशी लांबलचक यादी झाली आहे. तीन दिवसांत हे सगळे कसे बसवावे?

उत्तर : सगळे बसणार नाही. यादी बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. मेलारेन सरोवर जिथे बाल्टिक समुद्राला मिळते तिथे, चौदा बेटांवर हे शहर वसले आहे. कागदावर बोटभर अंतरावर दिसणारी दोन ठिकाणे प्रत्यक्षात पाण्याच्या दोन काठांवर असतात. म्हणून ठिकाणे आवडीच्या क्रमाने न घेता बेटांप्रमाणे घ्या.

पहिला दिवस यूर्गोर्डेन बेटाचा. (पाटीवर नावाच्या सुरुवातीला ‘डी’ दिसतो, पण तो उच्चारत नाहीत. रस्ता विचारताना हे उपयोगी पडते.) वासा, आब्बा आणि स्कान्सेन ही तिन्ही इथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरी तिन्ही एका दिवसात कोंबू नका. आर्टुर हासेलियस यांनी १८९१ साली उघडलेले स्कान्सेन हे जगातले पहिले खुले संग्रहालय मानतात. स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे उचलून आणून तिथे पुन्हा उभारली आहेत, शिवाय अस्वल, लांडगा, मूस हे उत्तरेकडचे प्राणीही आहेत. सगळे टेकडीवर पसरलेले असल्याने चार तास सहज जातात आणि पाय बोलू लागतात. सकाळी वासा आणि दुपारनंतर स्कान्सेन, एवढेच ठेवा.

दुसऱ्या दिवशी गाम्ला स्तान, म्हणजे जुने शहर, आणि राजवाडा. उन्हाळ्यात पहारा बदलण्याचा सोहळा रोज होतो, साधारणपणे सोमवार ते शनिवार सव्वाबाराला आणि रविवारी सव्वाला. त्या दिवशीची वेळ आदल्या संध्याकाळी पाहून घ्या, सरकारी समारंभ असला की ती बदलते. पुढे बसायचे किंवा उभे राहायचे असेल तर अर्धा तास आधी अंगणात हवे. तिथून मोर्टेन ट्रॉटसिग्स ग्रेंड ही शहरातली सर्वांत अरुंद गल्ली जवळच आहे. सर्वांत चिंचोळ्या जागी ती जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे समोरून कोणी येत असेल तर थांबून वाट द्यावी लागते. दुपारी पूल ओलांडून चालत नगरभवनाला जा.

तिसऱ्या दिवशी ड्रॉटनिंगहोल्म किंवा द्वीपसमूह, दोन्हींपैकी एकच. राजवाडे पाहून कंटाळा आला असेल तर निःसंकोच बेटांकडे वळा. ड्रॉटनिंगहोल्म निवडलात तर तिथले १७६६ चे दरबारी नाट्यगृह चुकवू नका. लाकडी चक्रे आणि दोर यांची मूळ रंगमंच-यंत्रणा अजून शाबूत आहे. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. उन्हाळ्यात नगरभवनाजवळच्या धक्क्यावरून बोट जाते, पण घाईत असाल तर मेट्रोच्या हिरव्या मार्गाने ब्रोम्माप्लान गाठा आणि तिथून बस घ्या. शहर-वाहतुकीच्या तिकिटातच काम होते.

तारखा मात्र एकदा तपासा. स्वीडनमध्ये मिडसमर या उन्हाळी सणाची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी असते. तो शुक्रवार आणि पुढचा शनिवार या दोन दिवसांत बरीच दुकाने, उपाहारगृहे आणि काही संग्रहालये बंद असतात आणि शहरातले लोक गावी गेलेले असतात. तुमचे दिवस त्यात सापडले तर तो शुक्रवार स्कान्सेनसाठी राखून ठेवा, तिथे फुलापानांचा खांब उभारून दिवसभर नाचगाणी चालतात.

प्रश्न : मेट्रोच्या गेटवर मी बँकेचे कार्ड टेकवले, गेट उघडले. लगेच त्याच कार्डावर पत्नीसाठी पुन्हा टेकवले तर उघडेना. कार्ड खराब आहे का?

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. स्टॉकहोमच्या सार्वजनिक वाहतुकीत, म्हणजे एसएलच्या सेवेत, एका कार्डावर एका वेळी एकाच प्रवाशाचे तिकीट निघते. तिकीट ७५ मिनिटे चालते. त्या वेळात तेच कार्ड पुन्हा टेकवले की यंत्र तो तुमचाच पुढचा प्रवास समजते. दोघांना दोन कार्डे हवीत. एका खात्याचे कार्ड आणि त्याच कार्डाची फोनमधली नक्कल ही यंत्राच्या दृष्टीने वेगळी असतात, तेव्हा एकाने प्लॅस्टिक आणि दुसऱ्याने फोन असेही चालते. मात्र दिवसभर ज्याने त्याने आपापलेच वापरा, अदलाबदल झाली की हिशेब बिघडतो. तिकीट तपासनीस आला तर ज्याने टेकवले तेच कार्ड त्याला दाखवायचे असते.

कार्ड टेकवून एकेरी तिकीट मिळते. दिवसात चार-पाच वेळा चढउतार होणार असेल तर २४ तासांचे, ७२ तासांचे किंवा सात दिवसांचे तिकीट एसएलच्या ॲपमधून किंवा स्थानकावरच्या यंत्रातून घ्या. २० वर्षांखालच्यांना आणि ६५ च्या पुढच्यांना सवलत आहे. ॲपमध्ये तिकीट असेल तर फोनची बॅटरी सांभाळा, कारण फोन बंद पडला तर तिकीट नसल्यासारखेच. बसमध्ये बाबागाडीतल्या बाळाबरोबरच्या मोठ्या माणसाला तिकीट लागत नाही, मधल्या दाराने चढायचे.

याच तिकिटावर स्लूसेनहून यूर्गोर्डेनला जाणारी ८२ क्रमांकाची फेरीबोटही चालते. फार कमी पर्यटकांना हे ठाऊक असते. दहा मिनिटांत राजवाडा, जुन्या शहराचा काठ, जहाजे सगळे पाण्यावरून दिसते. महागड्या सहलबोटीचे तिकीट काढण्याआधी ही करून पाहा.

प्रश्न : आर्लांडा विमानतळावरून शहरात यायचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता?

उत्तर : विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटर आहे. आर्लांडा एक्सप्रेस १८ मिनिटांत मध्यवर्ती स्थानकात आणते, पण ती सर्वांत महाग. लोकल गाडी विमानतळाखालूनच सुटते आणि सुमारे ४० मिनिटे घेते. तिच्यात गोची अशी, की विमानतळाच्या स्थानकातून जाताना एसएलच्या तिकिटाखेरीज वेगळे स्थानक-शुल्क पडते. ते नको असेल तर ५८३ क्रमांकाच्या बसने मेर्श्टा स्थानकात जा आणि तिथून लोकल पकडा. साध्या एसएल तिकिटात शहर गाठता येते. वेळ तासाच्या पुढे जातो आणि सामान दोनदा चढवावे लागते. दोन मोठ्या बॅगा आणि लहान मूल बरोबर असेल तर ही काटकसर करू नका.

प्रश्न : वासा जहाजाला किती वेळ द्यावा? दहा वर्षांचा मुलगा कंटाळेल का?

उत्तर : दोन तास द्या. मुलगा कंटाळायचा नाही, पण आधी एक गोष्ट सांगून ठेवा : जहाजावर चढता येत नाही. त्यासाठी तोफांच्या मजल्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आत उभारली आहे, तिच्यात मात्र शिरता येते. १८ वर्षे वयापर्यंत प्रवेश मोफत आहे.

१० ऑगस्ट १६२८ रोजी वासा पहिल्याच सफरीवर निघाले आणि साधारण १,३०० मीटर जाऊन बंदरातच बुडाले. ६४ तोफा होत्या, तोफांचे दोन मजले होते. वरचा भाग जड आणि तळातले वजन कमी, त्यामुळे वाऱ्याच्या झोतासरशी ते कलले. सलामी देऊन झाली होती आणि खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. त्यांतून पाणी आत शिरले. जहाज धोक्याचे आहे हे आधी कळलेही होते : ३० खलाशांना डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे पळवून पाहिले, तेव्हा ते इतके डोलू लागले की तीन फेऱ्यांनंतर चाचणी थांबवावी लागली. तरी जहाज निघालेच. मुलाला हे ऐकवून मग जहाजासमोर उभे करा, तो खिडक्या स्वतःच मोजू लागेल.

३३३ वर्षांनी, १९६१ साली, ते वर काढले. इतके चांगले टिकण्याचे कारण बाल्टिक समुद्राचे कमी खारट पाणी : लाकूड पोखरणारा शिपवर्म त्यात जगत नाही. वर काढलेले ओले लाकूड वाळताना तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन फवारत राहिले. आत अंधुक आणि गारवा का असतो याचे उत्तरही यातच आहे. प्रकाश आणि दमटपणा मोजून ठेवलेला असतो. उन्हाळ्यातही पातळ जॅकेट बरोबर हवे.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी माहितीपट पाहा, मग सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊन खाली उतरत या. बहुतेक लोक दारातून आत येताच तळाशी थबकतात, तिथे गर्दी साचते आणि वरून दिसणारे डेक पाहायचे राहून जाते. मागचा कोरीव भाग शेवटी, अगदी समोर उभे राहून पाहा. उन्हाळ्यात दार उघडताच किंवा दुपारी तीननंतर जा, अकरा ते तीन गर्दी ओसंडते.

प्रश्न : नगरभवनाचा मनोरा चढता येतो का? गुडघ्यांचा थोडा त्रास आहे.

उत्तर : मनोरा १०६ मीटर उंच आहे, पायऱ्या ३६५. अर्ध्यापर्यंत लिफ्ट आहे, पुढचा भाग पायीच आणि वाट अरुंद आहे. गुडघे कुरकुरत असतील तर सोडून द्या, मनोरा तसाही फक्त उन्हाळी महिन्यांत उघडा असतो. इमारत आतून मात्र अवश्य पाहा. मार्गदर्शकाशिवाय सोडत नाहीत. नोबेलचा मेजवानी-समारंभ जिथे होतो त्या निळ्या दालनात निळे काहीच नाही. वास्तुकार राग्नार ओस्टबेरी यांना उघड्या लाल विटा इतक्या आवडल्या की त्यांनी रंग द्यायचा बेत सोडला, नाव तेवढे राहिले. सोनेरी दालनात मात्र नाव सार्थ आहे : भिंतींवर १ कोटी ८० लाख मोझेकचे तुकडे आहेत.

प्रश्न : किती स्वीडिश क्रोना रोख न्याव्यात?

उत्तर : शून्य नेलीत तरी अडणार नाही. ‘रोख स्वीकारत नाही’ अशी पाटी कित्येक दुकानांत, संग्रहालयांत, अगदी सार्वजनिक स्वच्छतागृहांतही दिसते. शहरातल्या बसमध्येही रोख चालत नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे ठेवा आणि दोन्हींचे पिन पाठ हवेत. यंत्राने ‘तुमच्या चलनात पैसे भरायचे का’ असे विचारले तर नेहमी क्रोनाच निवडा, नाहीतर दुकानदाराच्या बाजूने लावलेला महाग दर पडतो. फुटकळ बाजारात विक्रेते स्विश, म्हणजे फोनवरून पैसे देण्याचे ॲप, मागतात. त्यासाठी स्वीडनचे बँक खाते लागते, त्यामुळे पाहुण्यांना त्याचा उपयोग नाही. कोणा ओळखीच्याने जुन्या नोटा दिल्या असतील तर त्या वापरण्याच्या भानगडीत पडू नका. २०१५ पासून नव्या नोटा आल्या आणि जुन्या २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद झाल्या.

प्रश्न : मेट्रोतली कला पाहायची आहे. किती स्थानके आणि कुठून सुरुवात?

उत्तर : शंभर स्थानकांपैकी नव्वदांहून अधिक ठिकाणी काही ना काही कलाकृती आहे. सगळी पाहण्याचा हट्ट नको, एका ७५ मिनिटांच्या तिकिटात उत्तम तेवढी होतात. निळ्या मार्गावर कुंगस्त्रेडगोर्डेनहून सुरू करा, तिथे पाडलेल्या मकालोस राजवाड्याशी नाते सांगणारी शिल्पे आहेत. मग ते-सेंत्रालेन, तिथल्या निळ्या मार्गाच्या फलाटावर पांढऱ्या छतावर निळ्या वेली चढल्या आहेत. पुढे रोडहुसेट, आणि तिथून आकाल्लाच्या दिशेची ११ क्रमांकाची गाडी धरून सोल्ना सेंट्रुम, जिथे लालबुंद आकाश आणि हिरवे जंगल रंगवले आहे. १० क्रमांकाच्या गाडीत बसलात तर सोल्ना सेंट्रुम लागतच नाही, ही चूक वारंवार होते. परत येताना लाल मार्गावरचे इंद्रधनुष्याचे स्टाडियोन. छत गुहेसारखे दिसते कारण स्थानके खडकात कोरून वर काँक्रीटचा फवारा मारला आहे. सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी चार ते सहा जाऊ नका.

प्रश्न : द्वीपसमूहातल्या एका छोट्या बेटावर गेलो होतो. परतीच्या वेळी धक्क्यावर उभे होतो, बोट आली आणि न थांबताच निघून गेली. असे कसे?

उत्तर : तुम्ही बहुधा सेमाफोर उभा केला नव्हता. लहान धक्क्यांवर एका खांबाला फिरणारी पाटी असते. बोटीत चढायचे असेल तर ती बोटीला दिसेल अशी वळवायची, चढताना पुन्हा जागेवर आणायची. पाटी वळवलेली नसेल तर कप्तान समजतो की लोक नुसते फिरायला आले आहेत. अंधार पडल्यावर विजेरीने इशारा करतात. उतरतानाही तसेच : कुठे उतरणार ते चढतानाच कर्मचाऱ्याला सांगा.

पहिल्याच वेळी एवढ्या लांब जाण्याऐवजी वाक्सहोल्म बरे. तिथे टेक्निस्का होगस्कोलान स्थानकाहून ६७० क्रमांकाची बस जाते, म्हणजे बोट चुकली तरी परत येता येते. जाताना बोट, येताना बस अशी सफर छान होते. बेटांच्या गवतात गोचिडी असतात आणि काही मेंदूज्वराचा विषाणू पसरवतात. पूर्ण पँट, पायमोजे, आणि संध्याकाळी अंग तपासणे, एवढे पाळा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये जाणे मूर्खपणाचे ठरेल का?

उत्तर : नाही, पण दिवस फार लहान. ऐन हिवाळ्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आतच मावळतो. उघड्यावरचे सगळे दहा ते दोन या वेळात उरका, संग्रहालये दुपारी घ्या. बोटी कमी असतात आणि १० डिसेंबरच्या नोबेल मेजवानीच्या सुमारास नगरभवनाचे दौरे होत नाहीत. त्याच्या बदल्यात १३ तारखेचा लुसिया हा दिव्यांचा उत्सव आणि गाम्ला स्तानमधला नाताळ बाजार मिळतो. पदपथावर पट्टी लावून ‘रासरिस्क’ अशी पाटी दिसली तर लगेच दुसऱ्या बाजूला जा, तिचा अर्थ छपरावरून बर्फ कोसळण्याचा धोका आहे. बर्फावर चालायला बुटाला बांधायची टोकदार पट्टी मिळते, तिला ब्रोडार म्हणतात. क्रीडासाहित्याच्या दुकानात पहिल्याच दिवशी घ्या, पाय घसरल्यावर नको.