आधी मोडी शीक, मग नायिका लिही

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. प्रेम खरं उतरलंय, पण १८६० सालची तुझी नायिका नागपूर स्टेशनवर त्याची वाट बघते, आणि रेल्वे इथे आली १८६७ मध्ये! माझ्या पहिल्या कादंबरीतही अशीच एक चूक छापली गेली होती, अजून सलते. म्हणून सांगते, आधी साल पक्कं कर. १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५४ मध्ये खालसा झालेलं भोसल्यांचं राज्य, १८७७ ची एम्प्रेस कापड मिल: या प्रत्येक वळणावर घरं हलली, माणसं दुरावली. तुझं कथानक तिथेच आहे बघ.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या गल्ल्या सकाळी पायी फिर. आणि मोडी, म्हणजे त्या काळची मराठी हाताने लिहायची लिपी, शीकच. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं, बोरू शक्यतो न उचलता. मी स्वतः लिहून पाहिलं तेव्हा मला माझ्या नायिकेचं पत्र सापडलं: रेघ ओढलेली, खाली फक्त त्याचं नाव, आणि पुढे शाई वाळलेली. असा प्रसंग नुसत्या कल्पनेतून मला सुचला नसता गं.

भाषेचं नंतर बघू. ते स्टेशन मात्र आजच काढ.