ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी विकण्याची सक्ती कंपनीवर करता येते का?

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात राहतो. लग्ने आणि जत्रांतील दशावतारी नाटके यांच्या चित्रीकरणावर माझा उदरनिर्वाह चालतो. दीड वर्षापूर्वी एका दुकानदाराने जोडून दिलेल्या संगणकात ॲपलची मॅकओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) घालून दिली. बिलात फक्त ‘संगणक, सॉफ्टवेअरसह’ असे लिहिले आहे. ती प्रत वैध नसल्याचे आता कळले. पैसे भरून परवाना घ्यायची माझी तयारी आहे, पण कंपनी तो वेगळा विकत नाही. तिला भाग पाडता येईल का?

उत्तर : पैसे मोजून नियमात येण्याची आपली इच्छा प्रामाणिक आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो, की तसे भाग पाडता येणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रणालीच्या प्रती काढण्याचा आणि त्यासाठी परवाना देण्याचा हक्क निर्मात्याचा असतो, आणि हा परवाना फक्त स्वतःच्या यंत्रापुरता देण्याची अट तो घालू शकतो. या अटीमागे अनुभव आहे. १९९५ च्या सुमारास ॲपलने इतर उत्पादकांना आपली सिस्टीम वापरू दिली होती. त्यांच्या स्वस्त यंत्रांनी ॲपलचीच गिऱ्हाइके ओढली आणि १९९७ मध्ये ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतल्यावर तो व्यवहार बंद झाला. कंपनीचे मुख्य उत्पन्न यंत्राच्या विक्रीतून येते. २०१३ पासून तर सिस्टीमच्या नव्या आवृत्तीला निराळी किंमतच नाही. ती यंत्राच्या किमतीत धरलेली आहे, त्यामुळे आपण जो परवाना विकत मागता तो विक्रीची वस्तू म्हणून अस्तित्वातच नाही.

अमेरिकेत सायस्टार या कंपनीने साध्या संगणकांत ही सिस्टीम घालून विकली, तेव्हा ही अट म्हणजे हक्काचा गैरवापर आहे असा तिचा बचाव होता. अपील न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला, कारण स्वतःची सिस्टीम तयार करण्यास सायस्टारला कोणी अडवले नव्हते. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु आपल्या स्पर्धा कायद्याखालीही आधी कंपनीचे बाजारातील वर्चस्व सिद्ध करावे लागते, आणि विंडोजची यंत्रे घरोघरी असताना ते अवघड आहे.

मला खरी काळजी वाटते ती कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब ची. बेकायदा प्रत संगणकावर जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे, आणि कैद माफ करण्याची जी सवलत त्यात आहे ती धंद्यासाठी वापर करणाऱ्याला मिळत नाही. आजवर आपल्याला माहीत नव्हते हा आपला बचाव होता. आता माहीत झाले आहे. म्हणून त्या सिस्टीमवरचे काम आजच थांबवा. चित्रीकरण बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, पण मूळ डिस्क पुसू नका. दुकानदाराने काय घालून दिले याचा तोच पुरावा आहे. दुसरी डिस्क बसवून तीवर परवान्याची विंडोज घ्या. दा विंची रिझॉल्व्ह हा संकलनाचा प्रोग्राम विंडोजवर चालतो आणि त्याची एक आवृत्ती विनामूल्य आहे.

आपली दाद दुकानदाराविरुद्ध आहे. स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘व्यापारी’ ठरत नाही, त्यामुळे आपण ग्राहकच आहात. प्रथम त्याला पोच मिळेल अशी लेखी नोटीस पाठवा आणि तीत प्रत अवैध असल्याचे आपल्याला कोणत्या तारखेला कळले ते अवश्य लिहा. त्याने दाद दिली नाही तर सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात, आपल्याच जिल्ह्यात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीच्या तारखेपासूनच धरून चाला, म्हणजे आपल्या हाती साधारण सहा महिने उरतात. जत्रांचा हंगाम संपेपर्यंत थांबू नका.